फुगलेल्या विटा

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. लग्नानंतर पुण्याकडची माणसं नात्यात आली, त्यांना मी हे सांगितलं की ती हसायची आणि विचारायची, "उलटं म्हणायचंय का तुम्हाला?" उलटं नाही, अगदी सुलटं. नागपूरच्या आसपासच्या आमच्या शेतकरी घरांत भाची पाळण्यात असल्यापासून मामाला वंदनीय असते. तिचं उष्टं ताट मामानं उचलायचं, मामाचं तिनं उचलायचं नाही. तिला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, तिच्याकडून काम करून घ्यायचं नाही, आणि काही झालं तरी तिला रागवायचं नाही. भाचीला रागावणाऱ्या मामाचे हात म्हातारपणी कापतात, असं माझी आई छातीठोकपणे सांगायची.

मामा हे सगळं मनापासून पाळायचा. मी लहान असताना त्याच्या नव्याकोऱ्या सायकलची घंटी खोलून तिचे दात मोजत बसले होते, आणि ती घंटी पुन्हा काही वाजली नाही. मामानं ते पाहिलं आणि अंगणात झोपलेल्या कुत्र्याला असा काही झाडला की ते बिचारं संध्याकाळपर्यंत घरी आलं नाही. माझ्यावरचा राग कुठेतरी निघायचा, हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. फक्त तो कुणावर निघेल याचा नेम नसायचा.

हाच मामा पुढे माझा मालक झाला, आणि तिथून या गोष्टीला सुरुवात झाली.

मामा मूळचा काटोलकडचा. संत्र्याची चांगली पिकती बाग धाकट्या भावाच्या हवाली करून त्यानं कोराडी रोडवर विटांची भट्टी टाकली होती. घरबांधणीच्या विटा नव्हेत, फायर ब्रिक. भट्ट्यांच्या, बॉयलरच्या आतून लावतात त्या, आगीत उभ्या राहणाऱ्या. कोराडीला वीजकेंद्र उभं राहत होतं, हिंगण्याला कारखाने येत होते; जिथे आग तिथे आपली वीट, असा त्याचा सरळ हिशेब. मामीला हा हिशेब कधीच पटला नाही. "सावलीत बसाचं सोडून आगीत बसाले आला हा माणूस," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिचं घर भट्टीच्या आवारातच होतं, त्यामुळे तिच्या पापडांवर कोळशाची काजळी बसायची आणि ती प्रत्येक पापडामागे एकदा मामाचा उद्धार करायची.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी बसले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉलेजात जागा निघेल असं सगळे म्हणत होते आणि ती निघत नव्हती. एक दिवस मामा आला, माझ्या पाया पडला, आणि तिथेच खाली बसून म्हणाला, "बाई, तुमची मदत पाहिजे होती."

मामाची अडचण खरी होती. हिंगण्याच्या एका फाउंड्रीत त्याच्या विटा जायच्या. तिथे वितळलेलं पोलाद भट्टीतून साच्यांपर्यंत एका मोठ्या बादलीतून नेतात. फाउंड्रीवाले तिला लॅडल म्हणतात. त्या लॅडलच्या आतून विटांचं अस्तर असतं. पोलादावर तरंगणारी मळी हे अस्तर खाऊन टाकायची. मामाच्या विटा मातीच्या. त्या मळीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. फाउंड्रीच्या मालकांनी सांगून टाकलं होतं की चांगली वीट दिली तर माल घेऊ, नाहीतर बाहेरून मागवू. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर भट्टी बंद करून काटोलला परत जायचं, एवढंच मामाच्या हाती उरलं होतं. धाकटा भाऊ त्याला बागेत जागा देणार होता, मामी तर बोचकं बांधूनच बसली होती. पण मामाला त्या भट्टीचा लळा होता. माणसं गाईला थोपटतात तसा तो येता-जाता तिच्या भिंतीला थोपटायचा. मलाही ती बंद व्हायला नको होती, कारण माझ्या शिक्षणाची गरज असलेली ती नागपुरातली एकमेव जागा होती.

आता भाचीला कामावर ठेवायचं कसं? त्यावर मामानं तोड काढली. "तुमी काम नका करू. नुसतं सांगत जा," तो म्हणाला. माझ्यासाठी गादीची खुर्ची आली. चहा तो स्वतः आणून द्यायचा. पगाराला तो कधी पगार म्हणाला नाही; पाकिटाला हळदकुंकू लावून दक्षिणा म्हणून माझ्यापुढे ठेवायचा आणि पाया पडायचा. कामगार सुरुवातीला टकामका पाहायचे. नंतर भट्टीचा मिस्त्रीसुद्धा मला लांबूनच हात जोडायला लागला. मी चिडून म्हटलं, "अरे, मी केमिस्ट आहे, देवी नाही." त्यानं पुन्हा हात जोडले.

मी सुचवलेली वीट स्पिनेलची होती. स्पिनेल हा शब्द मामानं जिभेवर घोळवून पाहिला आणि त्याला तो आवडला. मी त्याला सांगितलं की दोन पांढऱ्या भुकट्या असतात, एक अ‍ॅल्युमिना, एक मॅग्नेशिया. दोन्ही बारीक करून नीट मिसळायच्या, दाबून वीट करायची आणि कडक भाजायची. भट्टीत त्या वितळत नाहीत. घट्ट राहूनच एकमेकींत शिरतात आणि तिसरीच वस्तू तयार होते. ती स्पिनेल. मळीला ती दाद देत नाही.

"आतून कशी राहते ते?" मामानं विचारलं. शिकलेल्या माणसांनाही हा प्रश्न सुचत नाही.

ऑफिसात काटोलहून आलेली संत्र्यांची पेटी होती. मी टेबलावर संत्री रचली, बाजारात रचतात तशी, एका थराच्या खाचांत दुसरा थर. "ही संत्री म्हणजे ऑक्सिजन. संत्र्यांच्या मधे पोकळ्या राहतात, दिसतात ना? काही चार संत्र्यांमधल्या, लहान. काही सहा संत्र्यांमधल्या, मोठ्या. लहानांपैकी मोजक्या पोकळ्यांत मॅग्नेशियम बसतो. मोठ्यांपैकी अर्ध्यांत अ‍ॅल्युमिनियम. बाकी रिकाम्या."

"म्हणजे अ‍ॅल्युमिनियम मोठा असन."

"नाही. जरासा मोठा मॅग्नेशियमच आहे."

मामा विचारात पडला. "मंग त्याले लहान खोली काहून?"

"अ‍ॅल्युमिनियमचा भार जास्त, मामा. त्याले भोवती सहा जण लागतात. मॅग्नेशियमचं चौघांत भागते."

"समजलं," मामा म्हणाला. "अ‍ॅल्युमिनियम जावई हाय."

मला ही उपमा माझ्या सगळ्या प्राध्यापकांपेक्षा बरी वाटली. मग मी त्याचा ट्रान्झिस्टर उघडून आतली काळी कांडी दाखवली. तिच्यावर तार गुंडाळलेली असते आणि तीच हवेतून स्टेशन पकडते. तीसुद्धा याच घराण्यातली. फक्त जावयाच्या जागी लोखंड, आणि दुसऱ्या खोलीत जस्त, मँगनीज असली मंडळी. कपबशांवरचा गडद निळा रंग याच घराण्यातला, आणि जुन्या दागिन्यांत माणिक म्हणून मिरवणारे कितीतरी लाल खडेही. मामा हरखून गेला. संध्याकाळी त्यानं मामीला सांगितलं, "आपल्या रेडिओत आणि आपल्या विटेत सोयरीक हाय वं." मामी म्हणाली, "मंग विटेले सांगा गाणे लावाले."

पहिली खेप आम्ही मोठ्या उत्साहानं लावली. साचे जुनेच घेतले. मातीच्या विटेचा साचा मापापेक्षा मोठा असतो, कारण वाळताना आणि भाजताना माती आटते. भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मिस्त्रीनं नेहमीचा साचा पुढे केला, मामानं मान डोलावली, मीही डोलावली. आटतं ते सगळं, यात कुणाला शंका असणार? आमच्या भट्टीची आंच या कामाला थोडी कमी पडेल अशी धास्ती होती, म्हणून मी मिश्रणात जरासं बोरिक टाकलं. ते असलं की कमी आंचेतही काम उरकतं. सीताबर्डीच्या दुकानदारानं एवढ्या बोरिकाचं काय करता म्हणून विचारलं. कॅरमचा क्लब काढलाय, असं मी सांगितलं.

भट्टी निवून उघडायची वेळ आली तेव्हा मामा मला म्हणाला, "बाई, तुमी आत नका येऊ. लय धूळ हाय. आमी काढतो." मी दोन दिवस घरी थांबले. परत आले तेव्हा टेबलावर चार विटा कपड्यानं पुसून मांडलेल्या होत्या. टेप लावली, तर अगदी मापात. कडा किंचित खरवडल्यासारख्या होत्या. मामा म्हणाला, घासून साफ केल्या. "मस्त झाल्या, बाई. पयल्याच झटक्यात." मिस्त्री जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, तो भारावलाय. मी त्या दिवशी बसनं घरी गेले ती खिडकीतून वाऱ्याबरोबर उडत गेले म्हटलं तरी चालेल.

फाउंड्रीत त्या विटांचं अस्तर लागलं. मळीनं विटेला हात लावला नाही, हे खरं. पण सांध्यांतून पोलाद शिरलं. विटा एकमेकींना नीट भिडतच नव्हत्या. मधे मसाला जाड भरावा लागला होता आणि तोच आधी गेला. सुदैवानं लॅडल वेळेवर रिकामी केली, कुणाला इजा झाली नाही. मालक भले होते. म्हणाले, "ईंट अच्छी है, जोड़ खराब है. एक मौका और देता हूँ, उसके बाद मेरे से मत कहना."

घरी आल्यावर मामानं मिस्त्रीला झाडलं, कोळसेवाल्याला झाडलं, कोराडीच्या चिमणीलाही दोन शब्द सुनावले. मला मात्र चहा आणून दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या चहामुळे. तो कप फेकून मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. मामीचा कपडे धुण्याचा नवा ओटा झाला होता, ऐसपैस. ती त्यावर चादर आपटत होती. ओट्याच्या विटा पांढऱ्या होत्या.

"मामी, या विटा कुठल्या?"

मामीनं चादर पिळायला घेतली. "असतीन कुठल्या तरी."

मी ऑफिसातून साचा आणला आणि ओट्याच्या कडेच्या विटेवर उपडा ठेवला. तो बसला नाही. वीट साच्यापेक्षा मोठी होती. साच्यातून निघालेली वस्तू भट्टीतून साच्यापेक्षा मोठी होऊन आली होती. मी तो साचा दुसऱ्या विटेवर ठेवून पाहिला, तिसऱ्या विटेवर ठेवून पाहिला. कितीतरी विटांना तडेही गेले होते. मामीचा ओला परकर पायाशी गळत होता आणि मी त्या ओट्यावर गुडघे टेकून बसले होते, एखाद्या जागृत देवस्थानाला आल्यासारखी.

मग मामीनं सगळं सांगितलं. भट्टी उघडली तर विटा फुगलेल्या. एकमेकींत अशा अडकल्या होत्या की मिस्त्रीला सब्बल, म्हणजे पहार, घालून सोडवाव्या लागल्या. मामानं कपाळाला हात लावला, पण भाचीला कसं सांगायचं? तिच्या कामाला नाव ठेवायचं म्हणजे तिला नाव ठेवणं. म्हणून त्यानं बऱ्यातल्या बऱ्या विटा वेचल्या, माणसं बसवून त्या घासून मापात आणल्या आणि बाकीच्यांचा ओटा बांधून टाकला. "मी म्हटलं होतं सांगा म्हणून," मामी म्हणाली. "तं म्हणते, भाची हाय, जीव दुखन."

मामा दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या मांजरासारखा झाला होता.

"मामा, तुमी मले सांगतलं काहून नाही?"

"तुमाले वाईट वाटलं असतं, बाई."

"आणि आता मले गोड वाटून राहिलं का? मी फाउंड्रीत जाऊन उभी राहिली ना तुमच्यासंगं. मले वाटलं विटा आटल्या. त्या फुगल्या. फुगल्या, मामा. हीच तं खरी गोष्ट होती, आणि तिच्यावर मामी परकर धुऊन राहिली."

मी जाम चिडले होते, हे कबूल करते. पण चिडता चिडताच डोक्यात दिवा लागला होता. अ‍ॅल्युमिनात ऑक्सिजन फार दाटीनं बसलेला असतो. मॅग्नेशियमला घरात घ्यायचं तर सगळ्यांना उठून नवी बैठक मांडावी लागते, आणि त्या नव्या बैठकीला आधीच्या दोघांच्या जागेची बेरीज पुरत नाही. आमची वीट आटण्याऐवजी फुगली ती यामुळे. पुस्तकात अशा गोष्टी एका ओळीत उरकलेल्या असतात. मामीच्या ओट्यावर त्या पायाला टोचतात.

याला सरळ उपाय होता. एकदा भाजून फुगायचं ते फुगू द्यायचं, मग दळून पुन्हा वीट पाडायची आणि पुन्हा भाजायची. पण दोनदा भाजायचा कोळसा मामाला परवडला नसता. मी तिथेच बसून राहिले. मिस्त्रीला हाक मारली आणि विचारलं, भट्टीत नेमकं काय झालं होतं. तो आधी मामाकडे बघू लागला. मग म्हणाला, "सब्बल लावली तरी सुटून नाही राहिल्या, बाई. सांधाच दिसे ना. जशी काई एकच वीट."

जशी काही एकच वीट. लॅडलमध्ये आम्हाला हेच तर हवं होतं. वीट भट्टीत फुगवायचीच नाही. थोडं फुगणं तिच्या पोटात शिल्लक ठेवायचं. मॅग्नेशिया कमी घालायचा, बोरिक वगळायचं, साचा नेमक्या मापाचा घ्यायचा, मऊ आंचेवर भाजायचं, म्हणजे भट्टीतून ती साधारण मापातच येईल. मग लॅडलमध्ये पोलादाच्या आंचेनं ती फुगेल आणि शेजारणीला भिडून सांधा स्वतःच बुजवेल. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा खूश झाला आणि सवयीनं म्हणाला, "मस्त, बाई."

"मस्त म्हणू नका," मी म्हटलं. "माझी एक अट हाय. चुकलं तं मले रागवाचं. नाहीतर मी उद्यापासून येत नाही."

मामा घाबरला. मामीला मात्र ही अट फार आवडली. तिनं तिथल्या तिथे सराव करून घेतला. "रागवा ना. मले तं रोज रागावता." मामानं घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं, नजर खाली केली आणि म्हणाला, "बाई, तुमी कधीमधी जराशी घाई करून राहिल्या असं वाटते. म्हणजे मलेच वाटते." मामी पदर तोंडाला लावून हसत आत गेली.

मला कळलं की हे काही आपल्या हयातीत व्हायचं नाही.

पुढचे दिवस मी लहान लहान वड्या पाडून भाजत होते, किती मॅग्नेशियाला किती फुगतं ते बघत होते. मामा रोज येऊन वड्या हातात घ्यायचा. मी त्याला समजावून सांगायचे की थोडी फुगली तर सांधा बुजेल, फार फुगली तर विटाच एकमेकींना फोडतील. लग्नाच्या पंगतीसारखं आहे, मी म्हणायचे. खांद्याला खांदा लागला की रांग घट्ट होते, आणि एक माणूस जास्त घुसवला की कुणाचं तरी ताट सांडतं. शेवटी एक प्रमाण ठरलं. माझं आणि त्याचं, दोघांचंही.

मिश्रण करायच्या दिवशी मी सकाळपासून अस्वस्थ होते. शेवटची संधी, दुसरी मिळणार नाही. फरशीवर अ‍ॅल्युमिनाचा ढीग पसरलेला होता, त्यावर ठरलेला मॅग्नेशिया ओतून झाला होता. फावडं अजून लागलं नव्हतं. आणि मला मागच्या वेळचे सांधे दिसायला लागले, त्यांत शिरलेली पोलादाची लाल जीभ दिसायला लागली. सांधे बुजलेच नाहीत तर? थोडा जास्त असला तर काय बिघडतं? मी मॅग्नेशियाचं आणखी एक पोतं ओढलं, तोंड सोडलं आणि ओतायला सुरुवात केली.

"काय करून राहिली तू?"

आवाज असा आला की मिस्त्रीच्या हातातलं फावडं पडलं. मामा दारातून तरातरा आत आला. त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती.

"जास्त टाकून राहिली मी, मामा. सांधे..."

"भैताड झाली का? तुनंच सांगतलं ना मले? जास्त फुगल्या तं एकमेकीले फोडतीन, हे कोणं सांगतलं? पंगतीचं कोणं सांगतलं? इतके दिवस त्या वड्या कायले भाजल्या मंग? भेव वाटून राहिलं म्हणून पोतं ओतते. भेव वाटते तं घरी बस, इथं नको येऊ. काढ तो माल. सगळा काढ. आत्ताच्या आत्ता."

आवारात सगळं थांबलं. मामी हातात लाटणं घेऊन दारात आली. "अहो, भाची हाय ना ते. काय बोलून राहिले?"

"भाची घरी," मामा म्हणाला. "इथं केमिस्ट हाय."

मग त्याचं त्यालाच कळलं असावं. त्यानं दोन्ही हात पुढे धरून पाहिले, उलटे, सुलटे. ते कापत नव्हते. त्यानं ते खिशात घातले.

मी खाली बसले आणि सूप मागवलं. वरचा थर सुपानं काढायला लागले, मिस्त्री मदतीला आला. माझे गाल गरम झाले होते आणि डोळे भरून आले होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मामानं मला चुकण्याच्या लायकीचं मानलं होतं. माझी चूक कुत्र्याला न जाता, कोळसेवाल्याला न जाता, थेट माझ्याकडे आली होती. ती माझी होती आणि मला ती हवी होती.

विटा ठरल्या प्रमाणात निघाल्या. या वेळी भट्टी उघडताना मी पहिल्यांदा आत शिरले, आणि माझ्या केसांत इतकी राख गेली की आईनं मला मागच्या दारानं घरात घेतलं. वीट मापात होती, न घासता.

फाउंड्रीत अस्तर लागलं. सांधे जवळजवळ कोरडेच ठेवले, विटेला वीट भिडवून. पोलाद ओतलं तेव्हा मी आणि मामा भिंतीशी उभे होतो. प्रकाश इतका होता की एकमेकांची तोंडं पांढरी दिसत होती. लॅडल साच्यांपर्यंत गेली, रिकामी झाली, परत आली. कुठून काही गळलं नाही. पुन्हा भरली, पुन्हा गेली. पाळी संपून ती निवली तेव्हा मालक काठावरून आत वाकले, बोटानं अस्तर चाचपलं आणि म्हणाले, "ये तो अंदर से एक ही पत्थर लग रहा है."

मामानं पुष्कळ वेळ आत पाहिलं. मला वाटलं, आता तो माझ्या पाया पडणार, इथे, सगळ्या कामगारांपुढे. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "तळाशी एक वीट वाकडी बसली हाय. पुढच्या वेळी पाहून घेजो."

तेव्हापासून आमची वाटणी ठरून गेली. फाटकाच्या आत तो मला मनसोक्त रागवायचा. मी उशिरा आले म्हणून, वहीत न लिहिता तोंडी सांगितलं म्हणून, काचेचं भांडं फोडलं म्हणून. फाटकाबाहेर, घरी किंवा लग्नकार्यात, तो मला "बाई" म्हणायचा आणि पाया पडायचा. आईला यातला फाटकाच्या आतला भाग आम्ही कधी कळू दिला नाही.

भट्टी चालली. माझं लग्न झालं तरी मी येत राहिले. पुढे, ऐंशीचं दशक मावळताना, मामाचे हात खरंच कापायला लागले. डॉक्टरांनी त्याला काहीतरी नाव सांगितलं, औषधं दिली. मामीनं डॉक्टरांचं काही ऐकून घेतलं नाही. तिला कारण ठाऊक होतं. मामालाही ते ठाऊक होतं. कुणी पाहुणा आला की तो मुद्दाम दोन्ही हात पुढे करायचा. "हे पाहा. भाचीले रागावल्याचे हात हायत. एकदा नाही, रोज रागावलो." आणि पाहुण्याला पूर्ण गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नसायची, संत्र्यांपासून ओट्यापर्यंत.

मला ते ऐकवत नसे. मी अडाणी समजुती मानत नाही, तरी त्याच्या बशीतला चहा हिंदकळला की मी उठून बशी धरायचे. एका दुपारी मी गेले, तो पाया पडायला वाकला, त्याची बोटं माझ्या पावलांवर थरथरत राहिली. मी त्याला उठवून खुर्चीत बसवलं आणि ते हात धरून ठेवले.

"मामा, रागावल्याचा पस्तावा होते का तुमाले?"

"होते ना," मामा म्हणाला. "पयलेच रागावलो असतो तं फाउंड्रीतला तो पयला मौका वाया नसता गेला."

मागच्या अंगणात मामी अजून त्याच ओट्यावर कपडे आपटत होती.